हवेची गादी पहाटेपर्यंत मऊ पडते: कारण कोणत्या क्रमाने शोधावे

कडकपणा कमी-जास्त करता येणारी हवेची गादी रोजच्या वापरात असली की एक तक्रार हमखास निघते. रात्री पाठ टेकताना गादी हवी तशी असते आणि पहाटे कूस बदलताना कंबर खोल गेल्याचे जाणवते. आमच्या घरातल्या दोन गाद्यांचा आणि नात्यातल्या, शेजारच्या अनेक गाद्यांचा हा दोष मी स्वतः शोधून दुरुस्त केला आहे. त्यातली निम्मी धावपळ वाया गेली, कारण हवा नेमकी कोणत्या बाजूने जाते हे ठरवण्याआधीच आम्ही ठिगळे लावली, नळ्या बदलल्या आणि एकदा तर नवा पंपही आणला. हवा गादीच्या कप्प्यातून जाते की पंप आणि नळीच्या बाजूने, हे ठरल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये आणि काहीही चिकटवू नये, हे मी या अनुभवातून शिकलो. ते ठरवायला एक बूच आणि एक रात्र पुरते.

येथे ज्या गादीविषयी लिहितो आहे तिची रचना साधारण अशी असते. चेन लावलेल्या खोळीत वर फोमचा थर असतो, त्याखाली रबराचे किंवा प्लास्टिकचे एक किंवा दोन हवेचे कप्पे असतात आणि कप्प्यांना चारही बाजूंनी फोमच्या भिंतींचा आधार असतो. कप्प्याला जोडलेली नळी पलंगाखालच्या पंपापर्यंत जाते आणि कडकपणा रिमोटवरच्या आकड्याने ठरवला जातो. पाहुण्यांसाठी फुगवून पुन्हा घडी घालून ठेवायच्या साध्या गादीलाही यातले बरेच लागू पडते, पण तिचा पंप बहुधा गादीतच बसवलेला असल्यामुळे नळी वेगळी करण्याची चाचणी तिथे करता येत नाही.

लक्षणे

गादी मऊ पडते एवढेच सांगून भागत नाही. ती कशी आणि केव्हा मऊ पडते यावरून अर्धे निदान होते. दोन कप्प्यांच्या गादीची एकच बाजू पाच-सहा तासांत हळूहळू उतरत असेल, तर त्या बाजूचा जोड, नळी किंवा कप्पा यांत बारीक गळती असण्याची शक्यता सर्वाधिक असते. दोन्ही बाजू सारख्याच उतरत असतील आणि तेही थंड रात्री जास्त, तर गळती मुळीच नसून तो हवा थंड झाल्याचा परिणाम असू शकतो. तासाभरातच गादी बसत असेल किंवा शांत खोलीत फुसफुस ऐकू येत असेल, तर बहुतेक वेळा जोड अर्धवट बसलेला सापडतो.

रात्री पंप आपोआप मधूनमधून काही सेकंद चालत असेल, तर तो उतरलेला दाब भरून काढतो आहे असे समजावे. पंप चालू राहतो पण आकडा वर जात नाही, हे वेगळे लक्षण आहे आणि ते नळी निसटल्याचे किंवा पंपातला भाग निकामी झाल्याचे असते. पंपाला पुन्हा मोजायला लावूनही आकडा तोच येतो, तरीही शरीर खोल जाते, अशी तक्रार असेल तर दोष हवेचा नसून वरच्या फोमचा असू शकतो. वर्षानुवर्षे एकाच जागी झोपल्याने फोम तिथे दबतो आणि हवा कितीही भरली तरी तो खळगा भरत नाही. खोळ उघडून फोमवर तळहात फिरवला की हा खळगा लगेच हाताला लागतो.

शेवटचे लक्षण फार थोड्या वेळा दिसते, पण ते ओळखता आले पाहिजे. गादीचा एखादा भाग उशीसारखा वर फुगून आला असेल, तर कप्प्याच्या आतले वरच्या आणि खालच्या थराला एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे तुटलेले असतात. या दोषावर घरी उपाय नाही. अशा कप्प्यात आणखी हवा भरू नये.

हवा खरोखर गळते का, हे आधी पाहावे

ही तपासणी फुकट आहे आणि म्हणून ती पहिली. बऱ्याच गाद्यांमध्ये रिमोटवर दिसणारा आकडा हा त्या क्षणीचा दाब नसतो, तर शेवटी ठरवलेला आकडा तसाच दिसत राहतो. ताजा आकडा पाहण्यासाठी पंपाला पुन्हा मोजायला लावावे लागते. शिवाय माणूस गादीवर असताना त्याच्या वजनाने हवा दाबली जाते आणि आकडा वाढतो, उठल्यावर तो कमी होतो. रात्री झोपून घेतलेला आकडा आणि सकाळी उठून घेतलेला आकडा यांची तुलना केली, तर ठणठणीत गादीही गळकी ठरते. म्हणून तीन रात्री ओळीने, झोपण्याआधी रिकाम्या गादीचा आणि उठल्यावर पुन्हा रिकाम्या गादीचा आकडा कागदावर लिहून ठेवावा. शेजारी खोलीचे तापमानही लिहावे.

तापमान लिहायला सांगण्यामागे कारण आहे आणि ते थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी इथेच मिटल्या. गादीतला दाब अतिशय कमी असतो. (पीएसआय आणि किलोपास्कल ही दाब मोजण्याची एकके.) मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते, तर गादीतला दाब बहुधा एक पीएसआयच्याही आत, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम काही किलोपास्कल जास्त असतो. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल असतो. खोलीचे तापमान २७ अंशांवरून २२ अंशांवर आले, तर बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या) प्रमाणात, म्हणजे ३०० भागांतून २९५ भागांवर उतरतो. कप्प्याचे आकारमान मुळीच बदलले नसते, तर ही घट सुमारे १.७ किलोपास्कल झाली असती. प्रत्यक्षात कप्पा थोडा आक्रसतो, त्यामुळे घट त्याहून कमी होते. तरीही मुळात तीन-चार किलोपास्कलवर उभ्या असलेल्या गादीला ती चांगलीच जाणवते. एवढ्यासाठी एकही रेणू बाहेर जावा लागत नाही.

यातच आणखी एक भर पडते. पंपातून येणारी हवा मोटरच्या उष्णतेने किंचित गरम झालेली असते आणि ती पुढच्या तासा-दोन तासांत थंड होते. झोपायच्या ऐन वेळी गादी भरली की मध्यरात्री ती सैल वाटते ती यामुळे. गादी निजण्याच्या दोन तास आधी भरावी आणि निजताना पुन्हा एकदा आकडा साधून घ्यावा. एवढ्याने तक्रार गेली तर पुढचे काहीच करावे लागत नाही.

नवी गादी असेल तर थोडा धीर धरावा. पीव्हीसी या प्लास्टिकचा कप्पा पहिल्या काही दिवसांत ताणला जातो, त्याचे आकारमान वाढते आणि हवा तेवढीच असल्याने दाब उतरतो. पहिल्या आठवड्यात रोज थोडी हवा भरावी लागणे हा दोष नाही. मात्र भरण्याचे प्रमाण दिवसागणिक कमी होत गेले पाहिजे. ते कमी होत नसेल तर गळती आहे.

नळी आणि जोड

तीन रात्रींच्या आकड्यांवरून गळती आहे असे दिसले की हात आधी जोडाकडे न्यावा. माझ्या अनुभवात सर्वाधिक दोष इथेच सापडले आणि त्यांना जवळजवळ काहीच खर्च आला नाही. पंपाचे प्लग काढून मगच काम सुरू करावे. नळीचे टोक पंपात आणि कप्प्यात जिथे बसते तिथले दोन्ही जोड काढून पुन्हा बसवावेत आणि बसताना ‘टक्’ असा आवाज येतो का ते ऐकावे. दोन बाजूंना खिट्ट्या असलेल्या जोडाची एकच खिट्टी अडकलेली असते, ओढून पाहिले तर जोड घट्ट वाटतो, पण तो किंचित तिरपा बसलेला असतो आणि रात्रभर तिथून हवा जात राहते. पलंग झाडताना किंवा चादर खोचताना नळीला बसलेला एखादा हिसका यासाठी पुरेसा होतो.

जोडाच्या टोकाला काळ्या रबराची बारीक कडी असते, तिला ओ-रिंग म्हणतात. हवा अडवण्याचे सगळे काम ही कडीच करते. ती नखाने न उचकटता बोटांच्या चिमटीने ओढून काढावी आणि उजेडात धरून हळूहळू फिरवून पाहावी. आमच्या घरच्या एका गादीचा दोष मला असाच सापडला. दोन आठवडे आम्ही कप्प्याचा संशय घेत होतो आणि ओ-रिंगवर एकच लांब केस आडवा चिकटलेला होता. केस काढल्यावर त्याच्या खाली रबरावर तेवढीच बारीक रेघ उमटलेली दिसली. त्या रेघेतून रात्रभर हवा जात होती. कडी ओल्या कापडाने पुसून, पूर्ण वाळवून परत बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा हलला नव्हता.

कडी चपटी झाली असेल, तिच्यावर भेगा असतील किंवा ती ताणून सोडल्यावर मूळ आकारात येत नसेल, तर बदलावी. बदलताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळली पाहिजेत, म्हणून जुनी कडी बरोबर नेणे उत्तम. तिला वंगण लावायचे असेल तर सिलिकॉनचे लावावे. पेट्रोलियम जेली किंवा यंत्राचे तेल लावू नये, कारण अनेक प्रकारचे रबर त्याने फुगते आणि काही महिन्यांत कडी सैल होते.

नळी पलंगाच्या फळीखाली किंवा पायाखाली दाबली गेलेली नाही ना, तिला कुठे घडी पडली आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे.

एका रात्रीची चाचणी

जोड स्वच्छ करूनही गादी उतरत असेल तर आता दोन बाजू वेगळ्या कराव्यात. कप्पा झोपायला लागेल तेवढा भरावा, कप्प्याकडचा जोड काढावा आणि तोंडावर लगेच बूच बसवावे. अनेक गाद्यांबरोबर असे बूच येते आणि ते खोक्यातच राहून जाते. ते नसेल तर त्याच मापाचे बूच गादीच्या कंपनीकडून मागवावे. कापडाचा बोळा किंवा चिकटपट्टी लावून केलेली चाचणी फसवी असते, कारण ती स्वतःच गळते आणि निर्दोष कप्पा दोषी ठरतो. नळी काढल्याबरोबर थोडी हवा जाईल, म्हणून एक हात बुचावर तयार ठेवावा. काही कप्प्यांच्या तोंडाशी नळी काढताच आपोआप मिटणारी झडप असते, तरीही बूच लावावेच, कारण ती झडपच गळत असू शकते.

बूच लावल्यावर पंपाचा आकडा मिळत नाही, म्हणून मोजमाप वेगळ्या रीतीने घ्यावे. गादीच्या मधोमध भरलेली बॅग ठेवावी, पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बॅगेला लागून दोरी ताणून धरावी आणि दोरीपासून बॅगेच्या तळापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून लिहावे. सकाळी तीच बॅग त्याच जागी असताना पुन्हा मोजावे. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंतचा फरक तापमानाने पडू शकतो. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक गळतीचाच असतो. ज्यांना हा खटाटोप नको असेल त्यांनी बूच लावलेल्या गादीवर सरळ झोपावे. शरीराला फरक कळतो, फक्त तो कागदावर उतरत नाही आणि पुढे कंपनीशी बोलायचे झाले तर आकडा जवळ असलेला बरा.

निकाल साधा आहे. बूच लावून गादी सकाळी तशीच राहिली, तर कप्पा निर्दोष आहे आणि हवा नळीतून, जोडातून किंवा पंपातून जाते. बूच लावूनही उतरली, तर दोष कप्प्यात आहे आणि पंपाला हात लावण्याचे कारण नाही.

दोन कप्प्यांच्या गादीत आणखी सोपी पडताळणी करता येते. दोन्ही जोड एकाच मापाचे असतील तर डाव्या कप्प्याची नळी उजव्या कप्प्याला आणि उजव्याची डाव्याला लावून एक रात्र काढावी. मऊ पडण्याची तक्रार नळीबरोबर दुसऱ्या बाजूला सरकली, तर दोष पंपाकडे. ती मूळ बाजूलाच राहिली, तर दोष कप्प्यात. या दोन चाचण्यांचे उत्तर एकच आले की शंका उरत नाही. मी वर म्हटलेला नवा पंप आम्ही आणला तेव्हा ही अदलाबदल केली नव्हती. नव्या पंपावरही तीच बाजू त्याच वेळी उतरली आणि तेव्हा कुठे कप्प्याकडे लक्ष गेले.

दोष पंपाकडे असेल तर

पंपाचे प्लग काढून मिनिटभर थांबावे आणि पुन्हा लावावे. काही वेळा झडपा अर्ध्यात अडकलेल्या असतात आणि पंप पुन्हा सुरू होताना त्या नीट मिटतात. नंतर पंपाच्या हवा ओढण्याच्या जागी असलेली जाळी किंवा फोमचा तुकडा पाहावा. पलंगाखाली धूळ आणि कापसाचे तंतू सतत साचतात. जाळी तुंबली की पंप जास्त वेळ चालतो, तापतो आणि त्याच्या आतील पडदा लवकर झिजतो. आत ओढलेला तंतू झडपेच्या कडेवर अडकला तर झडप पूर्ण मिटत नाही आणि भरलेली हवा त्याच वाटेने परत जाते. म्हणून पंप थेट जमिनीवर न ठेवता फळीच्या तुकड्यावर ठेवावा आणि पलंगाखालची जागा नियमित झाडावी.

नळीतली भेग तपासायची असेल तर ती पंपापासून आणि कप्प्यापासून पूर्ण सोडवून, एक टोक बोटाने बंद करून दुसऱ्या टोकाने फुंकून पाहावी आणि नळी हळूहळू वाकवत जावी. भेग वाकवल्यावरच उघडते, सरळ नळीत ती दिसत नाही. जोडाजवळचा पहिला दोन-तीन सेंटिमीटरचा भाग विशेष पाहावा, कारण वाकण्याचा ताण तिथेच येतो. कडेच्या भागात भेग असेल आणि नळी पुरेशी लांब असेल तर तेवढा तुकडा सरळ कापून जोड पुन्हा बसवता येतो.

यापुढे पंपाच्या बाबतीत थांबावे. पंपाचा डबा उघडू नये. आत घरगुती विजेचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही काही भागांत तो काही काळ टिकतो. शिवाय झडपांपासून दाबमापकाकडे जाणारी बारीक नळी एकदा जागेवरून हलली की पंप चुकीचा आकडा दाखवू लागतो. जळका वास आला, प्लग किंवा वायर हाताला गरम लागली, किंवा पंप बंद करूनही चालत राहिला, तर प्लग काढून ठेवावे, तो परत लावू नये आणि कंपनीच्या सेवा केंद्राला किंवा विद्युत उपकरणांच्या जाणकार कारागिराला दाखवावा. तोपर्यंत बूच लावलेल्या कप्प्यावर झोपता येते.

दोष कप्प्यात असेल तर

कप्पा खोळीतून बाहेर काढून स्वच्छ चादरीवर मोकळ्या जागी ठेवावा. फोमच्या भिंतींचा आधार नसताना तो पूर्ण ताकदीने भरू नये. मध्यम भरावा, नाही तर शिवणीवर नको तेवढा ताण येतो. हात ओला करून पृष्ठभागापासून बोटभर अंतरावरून फिरवला, तर निघणारी हवा थंड लागते. त्याने जागेचा अंदाज येतो. नंतर वाटीभर पाण्यात भांडी घासण्याचा साबण चमचा-दोन चमचे मिसळून स्पंजने थोड्या थोड्या भागावर लावावा आणि प्रत्येक भागाकडे निदान अर्धा मिनिट पाहत राहावे.

ही घाईने करायची गोष्ट नाही. मोठे भोक लगेच फेस काढते, पण रात्रभरात गादी उतरवणारे भोक इतके बारीक असते की आधी काहीच दिसत नाही आणि मग एकाच जागी मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊन चिकटून बसतात. झडपेचा तळ जिथे कप्प्याला जोडलेला असतो ते वर्तुळ, कोपरे आणि कडेची संपूर्ण शिवण यांपासून सुरुवात करावी, मधला सपाट भाग शेवटी पाहावा. बुडबुडे दिसले की त्या भोवती पेनने गोल करावा, कारण साबण पुसला की जागा पुन्हा सापडत नाही. एक सापडले म्हणून थांबू नये. सगळा कप्पा पाहून घ्यावा. कप्पा पाण्यात बुडवू नये आणि पंपाजवळ पाणी नेऊ नये.

भोक सपाट भागावर आणि काही मिलिमीटरच्या आत असेल तर ठिगळ टिकते. पीव्हीसीला पीव्हीसीचेच ठिगळ आणि त्यासाठीचाच गोंद लागतो, रबराच्या कप्प्याला रबराचे ठिगळ आणि रबर सोल्यूशन. कप्पा कशाचा आहे हे त्याच्यावरच्या छापावरून किंवा पुस्तिकेतून पाहावे. अंदाजाने निवडलेला गोंद दोन रात्रींत सुटतो. झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. तो वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो आणि गादी तर रोज वाकते, त्यामुळे त्याला पहिल्याच आठवड्यात भेग जाते आणि पुढे त्या थरावर खरा गोंदही धरत नाही. नखांचा रंग काढण्याच्या द्रवाने पीव्हीसी पुसू नये, त्यातले ॲसिटोन प्लास्टिक मऊ करते.

हवा पूर्ण काढून कप्पा सपाट पसरावा. वर मखमलीसारखी लव असेल तर ठिगळाच्या जागेपुरती ती बारीक पॉलिश पेपरने अलगद घासून काढावी, कारण गोंद लवेला चिकटतो, कप्प्याला नाही. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्यावी. ठिगळ भोकाच्या सर्व बाजूंनी अडीच सेंटिमीटर तरी बाहेर जाईल असे आणि कोपरे गोल करून कापावे. टोकदार कोपरा चादरीला अडकून पहिला सुटतो. गोंदाच्या सूचनेप्रमाणे थर लावून, मधून कडेकडे बोटाने दाबत आतली हवा काढावी, वर सपाट फळी आणि जड वजन ठेवून २४ तास तसेच राहू द्यावे. त्याआधी हवा भरण्याचा मोह आवरावा. माझी फसलेली बहुतेक ठिगळे या घाईमुळेच फसली.

कप्पा परत घालण्यापूर्वी तो, खोळ आणि फोम पूर्ण कोरडे करावेत. खालची हवा थंड आणि वरचे शरीर गरम, यामुळे फोम आणि कप्प्याच्या मध्ये दमटपणा साचतो आणि बुरशी येते. कप्पा बाहेर काढला आहेच, तर फोमची खालची बाजू या निमित्ताने पाहून घ्यावी.

कुठे थांबावे

शिवणीतून किंवा झडपेच्या तळातून हवा जात असेल तर ठिगळ लावू नये. तिथे दोन थर उष्णतेने एकमेकांत वितळवलेले असतात आणि दाब त्यांना एकमेकांपासून सोलून काढत असतो. वरून लावलेले ठिगळ तो ताण पेलत नाही. कप्पाच बदलावा लागतो. दुरुस्तीनंतर काही आठवड्यांत दुसऱ्या जागी भोक निघाले तर प्लास्टिक थकले आहे असे समजावे. आतले पट्टे तुटून फुगवटा आला असेल, किंवा फोमवर बुरशीचे काळे डाग पसरले असतील आणि घरात कोणाला दम्याचा त्रास असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवू नये.

गादी वॉरंटीत असेल तर ओ-रिंग पुसणे, बुचाची आणि अदलाबदलीची चाचणी करणे आणि साबणाचे बुडबुडे पाहणे यापुढे काहीही करण्याआधी कंपनीला कळवावे. ठिगळ लावलेला कप्पा अनेकदा बदलून मिळत नाही. तीन रात्रींचे आकडे, तापमान, बुचाच्या आणि अदलाबदलीच्या चाचणीचा निकाल आणि बुडबुड्यांचा फोटो पाठवला, तर प्लग काढून पुन्हा लावा यासारख्या प्राथमिक सूचनांत जाणारे दिवस वाचतात.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून आलटून-पालटून फुगणारी वैद्यकीय गादी असते, तिच्यावर यातला कोणताही प्रयोग करू नये. ती उतरली तर पुरवठादाराला त्याच दिवशी बोलवावे आणि तोपर्यंत रुग्णाची कूस ठरल्या वेळी बदलत राहावी. तान्ह्या बाळाला तर हवेच्या कोणत्याही गादीवर झोपवू नये. मऊ पडलेल्या गादीत तोंड रुतून श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे. गादी पूर्ववत कडक झाल्यावरही पाठदुखी दोन-तीन आठवड्यांत कमी होत नसेल, किंवा पायात मुंग्या आणि बधिरपणा असेल, तर कारण गादीत शोधणे सोडून डॉक्टरांना भेटावे.

गादी किंवा कप्पा बदलायचाच असेल तर

नवी गादी निवडताना दुकानात बहुतेक जण कडकपणाच्या आकड्यांकडे आणि रिमोटच्या सोयींकडे पाहतात. दुरुस्ती करून करून माझे लक्ष आता वेगळ्या गोष्टींवर जाते. खोळीची चेन पूर्ण उघडून कप्पा एकट्याने बाहेर काढता येतो का, हे मी पहिले पाहतो. काढता न येणारा कप्पा म्हणजे एका भोकासाठी सगळी गादी टाकून देणे. दोघांसाठी घ्यायची असेल तर दोन स्वतंत्र कप्पे असावेत. प्रत्येकाला हवा तसा कडकपणा मिळतो हा फायदा आहेच, शिवाय एक बाजू बिघडली तर दुसरीवर झोपता येते आणि अदलाबदलीची चाचणी करता येते. कप्पा, नळी, ओ-रिंग आणि पंप हे भाग सुटे मिळतात का आणि गादीचे हे मॉडेल बंद झाल्यावरही मिळत राहतील का, हे लेखी विचारावे. वॉरंटीचा कागद वाचताना वर्षांच्या मोठ्या आकड्यावर न थांबता पुढच्या ओळी वाचाव्यात, कारण अनेकदा पहिली काही वर्षे भाग फुकट मिळतो आणि नंतर दरवर्षी ग्राहकाचा वाटा वाढत जातो. वीज गेल्यावर हवा आतच राहते का, हे प्लग काढून दाखवायला सांगावे. वरचा फोम पाच सेंटिमीटरपेक्षा पातळ असेल तर थंडीत खालून गारवा लागतो आणि कप्प्यांमधली फट पाठीला टोचते.

गादी घरी आली की परतीची मुदत किती दिवसांची आहे ते पाहून ठेवावे. प्लास्टिक ताणले जाण्याचा पहिला आठवडा गेला की प्रत्येक कप्प्याला बूच लावून एकेक रात्र वरची चाचणी करावी आणि आकडे खरेदीच्या पावतीलाच टाचून ठेवावेत.